हात मागे बांधणाऱ्या विधातेबाई

विधातेबाई चालताना हात मागे बांधायच्या. कॉलेजच्या व्हरांड्यात, भाजीबाजारात, कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी दिवाणखान्यात शिरताना दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा मनात म्हटलं, काय ही ऐट. झूलॉजीच्या लेक्चरर आहेत की तालुक्याच्या मामलेदार?

एकदा न राहवून विचारलंच. बाई हसल्या. म्हणाल्या, "आमचा मळा मखमलाबादला, पार आत. रस्त्याला लागायचं तर दोन-तीन जणांच्या मळ्यांतून यावं लागायचं. कुणाचा झेंडू, कुणाची वांगी. आई सांगायची, दुसऱ्याच्या शेतातून जाताना हात मागे बांध. मालक लांब विहिरीवर असला तरी त्याला दिसलं पाहिजे, पोरगी काही तोडत नाहीये. शाळेत तशीच गेले, कॉलेजात तशीच गेले. आता ते हात पुढे येतच नाहीत, आहेरबाई."

आहेरबाई म्हणजे मी. बॉटनीची, माहेर देवळ्याचं. आमच्या दोघींच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी. मी तोंडाची फटकळ, त्या शांत. मी काही तोडून बोलले की म्हणायच्या, "कांद्याच्या गावची माणसं, समोरच्याला रडवल्याशिवाय तुमचं जेवण पचत नाही." आणि मग स्वतःच्या डब्यातली पालकाची भाजी माझ्या डब्यात वाढायच्या. ती भाजी सकाळीच भावाच्या मळ्यातून आलेली असायची. लुनाच्या पुढच्या जाळीत एका बाजूला पेपरांचा गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला शेपूची जुडी, असं त्यांचं येणं असे.

ही बाई नाशिकसारख्या ठिकाणी बसून समुद्राखालचं प्रवाळ वाचवायला निघेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या झूलॉजीच्या मुलांची अभ्यास सहल मालवणला जायची. सहल कसली, मार्कांचं काम होतं ते. प्रत्येकाने किनाऱ्यावरून नमुने गोळा करायचे, बाटल्यांत नाहीतर खोक्यांत भरायचे, लेबलं लावायची आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे मांडायची. याला सबमिशन म्हणायचं. शंख, शिंपले, खेकडा, तारामासा आणि एक प्रवाळ. प्रवाळ नसलं की सबमिशन अपुरं. मग काय, ओहोटीला खडक उघडे पडले की आमची नाशिकची पोरं हातोड्या घेऊन तुटून पडायची. दिसायला दगडासारखं, त्यामुळे कुणाला काही वाटायचंही नाही. आमचंच कॉलेज नव्हे, सगळीकडची मुलं यायची आणि सगळे हेच करायचे. बाईंनीही विद्यार्थिनी असताना तोडलं होतं आणि शिक्षिका झाल्यावर तोडायला शिकवलंही होतं.

सहलीला दोन शिक्षिका पाहिजेत म्हणून मला नेत. तसल्याच एका सहलीवरून परत येतानाची गोष्ट. त्या वर्षी कुण्या हुशार मुलाने प्रवाळाचे तुकडे समुद्राच्याच पाण्यात, बादलीत ठेवले होते, ताजे राहावेत म्हणून. एसटीच्या कंत्राटी गाडीत ती बादली बाईंच्या पायाशी. घाट चढेपर्यंत ठीक होतं. मग जो वास सुटला म्हणता, मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या, ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि म्हणाला, "मॅडम, बादलीत कोण मेलंय?"

बाईंनी बादलीत वाकून पाहिलं. प्रवाळावरून बुळबुळीत काहीतरी सुटून पाण्यात उतरलं होतं. दगड दगड म्हणत होतो तो दगड नव्हता, त्यावर असंख्य बारीक जीव होते आणि ते बादलीत सडत होते. पुस्तकात हे बाई दरवर्षी शिकवत होत्या. प्रवाळ म्हणजे प्राण्यांची वसाहत, प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती बारीक बारीक हात. पण दरवर्षी प्रवाळ नाशिकला पोचायचं ते खोक्यात कोरडं, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात पडून, उन्हात वाळून, पांढरं स्वच्छ होऊन काचेच्या कपाटात बसायचं. सडताना त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

नाशिकला गाडीतून उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "ड्रायव्हरला कळलं, मला नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात विधातेबाई पोहायला शिकल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे. लहानपणी मळ्यातल्या विहिरीच्या कडेला जायचीही त्यांना बंदी होती, त्यामुळे पाण्याची भीती हाडात बसलेली. पण जिवंत प्रवाळ पाण्याखाली कसं दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलं. महापालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून हजर. शिकवणारी मुलगी आमच्याच एफवायची. ती ओरडायची, "मॅडम, हात मारा, हात." बाई पाय जोरात मारायच्या आणि हात अंगाला चिकटलेले. पहिले कितीतरी दिवस त्या उथळ बाजूच्या कठड्यापाशीच होत्या. शेजारी सात-आठ वर्षांच्या मुली सूर मारत आणि विचारत, "आजी, तुम्हाला अजून येत नाही?"

स्टाफरूममध्ये थट्टेला ऊत आला. आमचे विभागप्रमुख, एरवी भला माणूस, म्हणाले, "विधातेबाई, रामकुंडात प्रवाळ कधी लावताय?" बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "सर, आधी तिथं तुम्ही निर्माल्याच्या पिशव्या टाकणं बंद करा, मग लावते." सरांनी नुकताच गौरी-गणपतीच्या निर्माल्याचा ढीग नदीत सोडलेला मी पाहिला होता. मला इतकं हसू आलं की पालकाची भाजी नाकात गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या मालवणला एकट्या गेल्या. होडीवाल्याने त्यांच्या कमरेला दोर बांधला, डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवला आणि पाण्यात सोडलं. परत आल्या त्या नाकाचं सालपट निघालेल्या, आणि माझ्या खुर्चीसमोर उभं राहून म्हणाल्या, "आहेरबाई, ते पांढरं नसतं हो. आपल्या कपाटातलं सगळं खोटं आहे. हिरवट असतं, तपकिरी असतं, जांभळट असतं, आणि मासे त्यात असे शिरतात-निघतात जशी गल्लीतली पोरं. एवढंसं वाढायला वर्षं लागतात त्याला. जे आपण एका हातोडीत तोडतो ते माझ्या आजीच्या लग्नाच्या आधीपासून वाढत असेल." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डोळे भरले होते. माझेही भरले, सांगायला लाज कसली.

आणि जुलैत, नवीन वर्गासमोर, त्यांनी सांगून टाकलं. "या वर्षीपासून प्रवाळ आणायचं नाही. कुठलाच जिवंत प्राणी आणायचा नाही. खडकाशेजारी बसून चित्र काढायचं, रंग भरायचे, जे दिसलं ते लिहायचं. तेच सबमिशन. विद्यापीठाचा नियम बदललेला नाही. परीक्षक मार्क कापू शकतात. तुमचे मार्क आहेत, माझे नाहीत, म्हणून सक्ती करणार नाही. ज्याला प्रवाळ आणायचंय त्याने हात वर करावा. मी एका शब्दाने बोलणार नाही."

आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मधल्या दारात मी उभी होते. एक-दोन हात वर गेले. पहिल्या बाकावरची यमुना गावित खाली मान घालून बसली होती. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची मुलगी, घरातली कॉलेजला आलेली पहिली. आईबाप हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला यायचे आणि रविवारी हिला वसतिगृहावर भेटून जायचे. तिला बीएडला जायचं होतं आणि बीएडला मार्क लागतात, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडे बघून मला वाटलं, हिने तरी हात वर करावा. तिने केला नाही.

मालवणला बाईंनी मुलांना किनाऱ्यावर रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "हात मागे."

सगळे बघत राहिले.

"दुसऱ्याच्या मळ्यात चाललोय आपण. मालकाला लांबून दिसलं पाहिजे. पाय फक्त वाळूवर नाहीतर कोरड्या खडकावर. हात मागे."

तो सगळा वर्ग, जीन्सवाली मुलं, वेण्या घातलेल्या मुली, हात पाठीमागे बांधून एकामागोमाग एक खडकांतून चालला. जाळी विणत बसलेल्या कोळणी हसायला लागल्या. एक म्हणाली, "ह्ये खयच्या तुरुंगातले गो?" बाईंनी वळून नमस्कार केला आणि हात परत मागे. खडकांतल्या खळग्यात समुद्राचं पाणी साचलं होतं, आरशासारखं स्थिर, आणि त्यात तळाशी प्रवाळ होतं, जिवंत, हिरवट. यमुना पालथी झोपली आणि पाण्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत बसली. बाई तिच्याशेजारी टेकल्या. म्हणाल्या, "बघ नीट. तुझ्या डोंगरातला पाऊस याच समुद्रात उतरतो. आमची गोदावरी तिकडे पूर्वेला जाते. म्हणजे यांच्याशी नातं तुझं जास्त जवळचं." यमुना पाण्यावरून नजर न काढता हसली. हात वर केलेल्या मुलांपैकी एक जण हातोडी घेऊन आला होता. ती त्याने बाहेर काढलीच नाही. बाई त्याला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम प्रयोगशाळेत काम काढून बसले होते. टेबलांवर चित्रं मांडलेली. परीक्षक म्हणजे प्रौढ, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळी टेबलं फिरून पाहिली आणि विचारलं, "चित्रं छान आहेत. नमुने कुठे आहेत?"

"समुद्रात आहेत, सर," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मला नियमाप्रमाणे मार्क द्यावे लागतील."

"नियमाप्रमाणेच द्या. पण सर, कपाट बघा आधी." बाईंनी भिंतीजवळचं काचेचं कपाट उघडलं. वर्षानुवर्षांची प्रवाळं, एकावर एक रचलेली, धूळ खात, पांढरी. "ही सगळी सबमिशनची. पोरांनी तोडून आणली, तुमच्यासारख्यांनी एकदा बघितली, मार्क दिले. त्यानंतर कुनी हात लावला नाय. लय झालं, सर. हे पाप मला आता झेपत नाय."

बाई चिडल्या की मखमलाबादच्या बोलीत जायच्या. त्या दिवशी चिडल्या होत्या तशा रडवेल्याही झाल्या होत्या. परीक्षकांनी कपाट पाहिलं. पण मार्क कापले. वाईट माणूस नव्हता, नियमाबाहेर जायचं धैर्य मात्र नव्हतं.

निकालात यमुनाचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. बीएडची जागा गेली.

विधातेबाई दोन दिवस कॉलेजला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. "सुरगाण्याला जायचंय. चला." जीपमध्ये आम्ही दोघी पुढे कशाबशा बसलो, मागे भाताची पोती आणि माणसं. पाड्यावर यमुनाच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. बाई खाटेवर बसल्याच नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "माझ्यामुळे पोरीचे मार्क गेले. सांगायला आलेय."

वडिलांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "ते परत येतील का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग तुमी इथवर येऊन काय करनार?"

तेवढ्यात यमुना घरातून बाहेर आली. म्हणाली, "बाबा, मॅडमनी इचारलं होतं. ज्याला पायजे त्यानी हात वर कर म्हनल्या. मी केला नाय. मला कळत होतं." आणि बाईंकडे वळून, "मॅडम, बसा ना. किती वेळ उभ्या?"

बाई तेव्हा बसल्या. चहा झाला. उठताना वडिलांना म्हणाल्या, "मार्क परत आणता येत नाहीत. पोरीला एमएस्सी करू द्या. माझ्या घरी राहील, जेवेल. आणि हा नियम मी बदलून घेते. दुसऱ्या कुणाच्या पोरीचे मार्क जाणार नाहीत." वडिलांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. पण एमएस्सीचे वर्ग सुरू झाले तेव्हा यमुना पेटी घेऊन मखमलाबादला बाईंच्या घरी आली आणि एमएस्सी होईपर्यंत राहिली.

नियम बदलणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी विद्यापीठात खेटे घातलेत त्यांना विचारा. बाई पहाटेच्या एसटीने पुण्याला जायच्या, रात्री परत. अभ्यास मंडळातल्या एकाने विचारलं, "नमुने नाहीत तर शिकवायचं कसं?" बाईंनी सांगितलं, "प्रत्येक कॉलेजचं कपाट उघडा. त्यात इतकी प्रवाळं आहेत की आपल्या नातवंडांपर्यंत पुरतील. तीच दाखवा. नवीन कशाला?" तरी पुढची बैठक, मग त्याच्या पुढची, असं चाललं. बाई प्रत्येक वेळी गेल्या. दाराबाहेरच्या बाकावर हात मागे बांधता येत नाहीत म्हणून मांडीखाली दाबून बसायच्या, असं कधीकधी सोबत जाणारी यमुना सांगायची.

शेवटी झालं. जिवंत काही आणायचं नाही, जागेवरची चित्रं आणि टिपणं चालतील. पुढे सरकारचा कायदाही आला, प्रवाळ तोडणं, विकणं सगळं गुन्हा ठरलं. पेपरात ती बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, सरकारच्या आधी आमच्या विधातेबाई." सरांनी उठून बाईंना नमस्कार केला. थट्टा नव्हती ती. बाई लाजून शेपूची जुडी निवडायला लागल्या.

कायदा आला म्हणून त्या थांबल्या असं नाही. पंचवटीत एका दुकानात भिंतीवर इंद्रजाल लावलेलं असायचं. इंद्रजाल म्हणजे समुद्रातलंच एक प्रवाळ, वाळल्यावर काळ्या जाळीसारखं दिसतं. घरात लावलं की दृष्ट लागत नाही म्हणून लोक चौकटीत घालून नेतात. बाईंनी दुकानदाराला विचारलं, "ज्याचं स्वतःचं घर मोडून आणलंय, ते तुमचं घर काय राखणार?" तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक मागतं." मग बाई दर शनिवारी दुकानासमोर उभ्या. हात मागे. येणाऱ्या प्रत्येकाला इंद्रजाल म्हणजे काय ते समजावून सांगायच्या, अगदी गोड आवाजात. शिवाय कायदा. दुकानदार रडकुंडीला आला. मग एका शनिवारी बाईंनी भावाच्या मळ्यातल्या झेंडूने भरलेला हारा त्याच्यापुढे ठेवला. "दारावर हे तोरण विका. दृष्टीला हेच चालतं, आणि आठवड्याला सुकतं, गिऱ्हाईक परत येतं." त्याने भिंत रिकामी केली. पुढे बाईंचा भाऊच त्याला झेंडू द्यायला लागला.

बाई निवृत्त झाल्या, मीही झाले. यमुना तोवर दुसऱ्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवत होती. एका हिवाळ्यात तिने आम्हा दोघींना तिच्या वर्गाच्या सहलीबरोबर मालवणला नेलं. "मॅडम, तुम्ही नुसत्या बसा," म्हणाली. बाई आणि नुसत्या बसतात. गेल्या गेल्या होडी ठरवली. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू, पण झेंडूच्या रंगाचं तरंगायचं जाकीट अंगात घालून तयार. मला म्हणाल्या, "आहेरबाई, माझ्या चपला आणि चष्मा सांभाळा. चष्म्यावर बसू नका."

मी खडकावर बसले, एका हातात चपला, एका हातात चष्मा. किनाऱ्यावर कुठल्या तरी परक्या कॉलेजची बस आली होती. त्यांचे सर कोण, कुठले, मला माहीत नाही, आम्हाला ते ओळखतही नव्हते. मुलं भराभर उतरली आणि खडकांकडे धावली. जुनी सवय, हातोड्या दिसतात का बघत होते मी. एवढ्यात ते सर मागून ओरडले, "ए, थांबा सगळे. हात मागे."

आणि ती अनोळखी मुलं थांबली, पाठीमागे हात बांधले आणि रांगेने खडकांत शिरली. यमुनाने माझ्याकडे पाहिलं. मी यमुनाकडे. या बाईने हे केलं, आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते, याचा मला जितका अभिमान वाटला तितका स्वतःच्या कशाचा कधी वाटला नाही.

मी उठून पाण्याकडे हाका मारायला लागले, "विधातेबाई, अहो, बघा तरी." पण बाईंचे कान पाण्यात. होडीच्या पलीकडे त्या पालथ्या तरंगत होत्या, मुखवटा पाण्यात, श्वासाची नळी वर, खाली प्रवाळ. पाय हळूहळू हलत होते. आणि केशरी जाकिटाच्या पाठीवर दोन्ही हात, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं.